परफ्युमची बाटली मोठी की अर्क जास्त? माल भरण्याआधी हे गणित शिका



अत्तर-परफ्युमचा धंदा थोड्या भांडवलात सुरू होतो. जागा कमी लागते, माल हलका असतो, भाजीसारखा संध्याकाळपर्यंत सुकत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गिऱ्हाईकही आहे. होळीच्या सुमाराला पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांची मोठी यात्रा भरते, शेगावला वर्षभर भाविक येतात, शिवाय लग्नसराई, ईद आणि दिवाळी आहेच.

मग अडचण कुठे येते? नवीन माणूस बाटलीचा आकार बघतो, झाकण उघडून एकदा वास घेतो आणि पन्नास बाटल्या उचलतो. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत येतं, "भाऊ, तासाभरात वास गेला की!" आता यात माल वाईट होता, की चुकीच्या माणसाला चुकीचा माल दिला, हे विकणाऱ्यालाच माहीत नसतं. गाव लहान असतं, नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ : अर्काचं प्रमाण.

प्रमाण म्हणजे काय?

स्प्रेच्या परफ्युममध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात. सुगंधी तेल म्हणजेच अर्क, अल्कोहोल आणि थोडं पाणी. सरबताचा पाक एकच, पण कोणी ग्लासात दोन चमचे घालतो तर कोणी अर्धा. इथेही तसंच. बाटलीवरची नावं साधारण हेच सांगतात :

- परफ्युम किंवा एक्स्ट्रेट : अर्क 20 ते 30 टक्के. सहा-आठ तास किंवा जास्त टिकतं.
- ओ द परफ्युम, म्हणजे ईडीपी : 15 ते 20 टक्के. चार ते सहा तास.
- ओ द टॉयलेट, म्हणजे ईडीटी : 5 ते 15 टक्के. दोन ते चार तास.
- ओ द कोलोन, म्हणजे ईडीसी : 2 ते 4 टक्के. तास-दोन तास.
- बॉडी मिस्ट : 1 ते 3 टक्के. ताजंतवानं वाटण्यापुरतं.

हे आकडे व्यवहारात रुळलेले आहेत, कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात. तासांचा हिशोबही ढोबळच धरा.

नावं फ्रेंच असली तरी यातला एक प्रकार तुमच्या घरात येऊन गेलाय. ताप चढला की आजी कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची, आठवतं? तेच हे ओ द कोलोन. जर्मनीतल्या कोलोन शहरात 1709 साली योहान मारिया फारिना यांनी सुगंधी पाण्याचा धंदा सुरू केला आणि शहराचं नाव त्या पाण्याला चिकटलं. त्यात अर्क अगदी थोडा आणि अल्कोहोल भरपूर. अल्कोहोल भराभर उडतं म्हणून कपाळ गार वाटतं, आणि वासही लवकर जातो.

जास्त टक्के म्हणजे भारी माल का?

नाही. वास किती टिकतो हे अर्क कशाचा आहे यावरही ठरतं. लिंबू, संत्र्यासारखे वास हलके असतात, ते आधी उडतात. गुलाब, मोगरा मधे येतात. चंदन, ऊद, अंबर, खस हे जड वास शेवटपर्यंत राहतात. त्यामुळे लिंबाच्या वासाची ईडीपी दुपारपर्यंत संपेल आणि चंदनाच्या वासाची ईडीटी संध्याकाळी शर्टावर सापडेल. गिऱ्हाईकाला हे दोन वाक्यांत सांगता आलं, की अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

घाटावर वेगळं, घाटाखाली वेगळं

आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला. बुलढाणा, चिखली, मेहकरची हवा वेगळी आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावचा उन्हाळा वेगळा. उष्णतेने वास जास्त पसरतो आणि लवकर उडतो. मे महिन्यात दुपारी भरलेल्या एसटीत कोणी जड ऊदचं एक्स्ट्रेट मारून बसलं, तर शेजारच्याचं डोकं धरतं.

म्हणून असा विचार करा :

- उन्हाळ्यात, कॉलेज-ऑफिससाठी : हलक्या वासाची ईडीटी किंवा मिस्ट. गिऱ्हाईकाला सांगा, छोटी बाटली जवळ ठेवा, दुपारी परत मारा.
- हिवाळा, लग्न, रिसेप्शन : ईडीपी.
- नमाज, दर्गा, ईद : बिनअल्कोहोलचं अत्तर. इथे बरेच जण अल्कोहोलचा स्प्रे घेतच नाहीत. आधी विचारा, मग दाखवा.
- भेट देण्यासाठी : मध्यम वासाची ईडीपी, छोटी बाटली.

आता गणित

वही काढा. समजा घाऊक बाजारात तुम्हाला दोन बाटल्या दाखवल्या :

पहिली, 50 मिली ईडीटी, अर्क 10 टक्के, किंमत 300 रुपये.
दुसरी, 30 मिली ईडीपी, अर्क 20 टक्के, किंमत 360 रुपये.

वरवर बघितलं तर पहिली 6 रुपये मिली आणि दुसरी 12 रुपये मिली. दुसरी दुप्पट महाग! पण अर्क मोजा. पहिलीत 5 मिली, दुसरीत 6 मिली. दोन्हीकडे अर्क पडतो 60 रुपये मिली. म्हणजे दुसरी महाग नाही, घट्ट आहे.

सूत्र पाठ करा : बाटलीचे मिली गुणिले टक्के भागिले शंभर, म्हणजे अर्क. किंमत भागिले अर्क, म्हणजे खरा भाव. व्यापारी टक्के सांगत नसेल, तर त्याच्याकडे पन्नास बाटल्यांची ऑर्डर देऊ नका.

मोजमाप सांगून माल विकता येतो, याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. 2011 च्या सुमाराला फॉग बाजारात आला. त्याने ग्लॅमरपेक्षा गॅस नाही आणि एका बाटलीत किती फवारे मिळतात, यावर भर दिला. गिऱ्हाईकाला पैशाचा हिशोब कळला. तुम्हीही तुमच्या टेबलावर तेच करू शकता.

अत्तराचं काय?

पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसतं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला आजही तांब्याच्या देगेत फुलं शिजवून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. कन्नौजच्या अत्तराला जीआय मानांकनही आहे. अत्तर अंगाजवळ राहतं, लांब पसरत नाही, पण हळूहळू उडतं. म्हणून कानामागे एक फाया पुरतो.

पण लक्षात ठेवा, रोल-ऑनच्या बाटलीत सगळं तेल सुगंधीच असतं असं नाही. स्वस्त मालात बिनवासाचं पातळ तेल किंवा द्रव मिसळलेला असतो. मिसळणं गुन्हा नाही, पण लपवणं चूक आहे. खऱ्या चंदन तेलाचा भाव बघितला, तर पन्नास रुपयांच्या बाटलीत शुद्ध चंदन बसूच शकत नाही. तिथे "चंदनाच्या वासाचं अत्तर" म्हणा. खोटा दावा केला तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहेच, आणि त्याआधी गावातली पत जाते.

घरी मिसळून विकायचं आहे?

थांबा. तयार सीलबंद माल विकणं वेगळं आणि बनवणं वेगळं. परफ्युम कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतं. विक्रीसाठी बनवायचं तर सौंदर्यप्रसाधने नियम 2020 प्रमाणे परवाना लागतो, तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. अल्कोहोल साठवायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाला आधी विचारा. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन किंवा माप, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा.

अजून एक. स्प्रेमध्ये बहुतेक अल्कोहोलच असतं, ते पेट घेतं. यात्रेतल्या स्टॉलवर दिवा, अगरबत्ती आणि स्प्रेच्या बाटल्या एका टेबलावर नको. माल पत्र्याखाली तापू देऊ नका, उन्हाने वास बिघडतो.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तीन-चारच नमुने घ्या. कागदाच्या पट्टीवर मारा, नाव आणि वेळ लिहा.
2. पंधरा मिनिटांनी, दोन तासांनी आणि चार तासांनी वास घेऊन नोंद करा.
3. मग तेच मनगटावर मारा, चोळू नका. पट्टीवर आणि अंगावर वेगळा वास येतो.
4. प्रत्येकाचा अर्काचा खरा भाव काढा.
5. दहा ओळखीच्या लोकांना विचारा, "कुठे जाताना लावाल?" आवडलं का, हे विचारू नका. आवडलं असं सगळेच म्हणतात.

ही वही पूर्ण झाली की मग पैसे गुंतवा. पहिल्या खेपेला प्रत्येकी पाच-सहा बाटल्या पुरतात. आणि गिऱ्हाईक समोर आलं की आधी बाटली दाखवू नका. आधी विचारा, "ताई, रोजच्यासाठी हवं की लग्नासाठी?" त्या उत्तरावरून कोणती बाटली काढायची, ते तुम्हाला आता कळतं.