शिवारातील पाखरे आणि किडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्याच्या तोंडावर गावाबाहेरच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लोंबू लागले, म्हणजे रानवाटेने निघालेला मनुष्य, मग तो गळ्यात दुर्बीण अडकवलेला पक्षिनिरीक्षक असो वा कॅमेरा घेतलेला हौशी छायाचित्रकार, तेथे हमखास थांबतो आणि बरोबरच्या मुलांना सांगतो की पाहा, ही मादी आपल्या पिलांसाठी किती कष्टाने घर विणते आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने हा समज महाराष्ट्राच्या अंतःकरणात इतका खोल रुजवला आहे की त्याविरुद्ध बोलणे कित्येकांना कृतघ्नपणाचे वाटेल. परंतु त्या कवितेतील वात्सल्याला यत्किंचितही बाध न आणता हे सांगितलेच पाहिजे की खोपा विणतो तो नर. विणीच्या हंगामात त्याचा माथा आणि छाती पिवळीधमक होते, आणि गवताच्या व झावळीच्या लांब चिरफळ्या चोचीने काढून तो एकामागून एक खेपा करीत राहतो. मादी चिमणीसारखी मातकट. ती येते ती खोपा अर्धा झाल्यावर, तो पारखण्यासाठी. तिने पसंत केला तर नर खालची नळी विणून काम पुरे करतो, आतल्या अस्तराची व्यवस्था ती पाहते; आणि ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. नापसंत झालेले अर्धवट खोपे तसेच लोंबत राहतात, आणि पाहणाऱ्यांना ते वाऱ्यापावसाने मोडलेले वाटतात.

हा सारा व्यवहार उलगडून दाखवण्याचे मोठे श्रेय डॉ. सालिम अली यांना जाते. 1930 साली जर्मनीतील शिक्षण आटोपून ते परतले तेव्हा हाताशी नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम गावी राहत असताना त्यांनी सुगरणींच्या एका वसाहतीवर सलग नजर ठेवली आणि तो वृत्तांत 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. खोपा पूर्वीही हजारोंनी पाहिला होता, परंतु त्यापुढे बसून राहण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली होती; माझ्या मते पक्ष्यांविषयीचे बहुतेक गैरसमज या एकाच उणिवेतून जन्मले आहेत.

याच खोप्याविषयी आणखी एक आख्यायिका सांगतात, ती अशी की उजेडासाठी सुगरण ओल्या मातीत काजवे चिकटवून ठेवते. अर्धवट खोप्याच्या आतल्या बाजूस मातीचे लिंपण असते हे खरे. त्यात काजव्यांचे दिवे मात्र नसतात. काजव्याचा प्रकाश हा त्याच्या स्वतःच्या संसाराचा संकेत आहे. तो भुंगेऱ्यांच्या वर्गातला कीटक असून ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याच्या रासायनिक क्रियेतून जवळजवळ उष्णतारहित उजेड निर्माण करतो, आणि पुष्कळ जातींत नराच्या लुकलुकण्याला मादी विशिष्ट अंतराने उत्तर देते. मेअखेरीस व जूनच्या आरंभी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या मुलखात झाडेच्या झाडे लखलखू लागतात तेव्हा तेथे जमणाऱ्यांपैकी अनेकांची प्रामाणिक समजूत असते की विजेरीच्या झोताने किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशने या जिवांचे काहीच बिघडत नाही. वस्तुतः त्या प्रखर उजेडात संकेत बुडून जातात आणि प्रौढावस्थेचे मोजके दिवस लाभलेल्या त्या किड्याची जोडी जुळण्याची वेळ वाया जाते. शिवाय फ्लॅशने काजव्यांचे चित्र साधतच नाही. त्यास तिवई आणि काळोखात दीर्घ काळ उघडे ठेवलेले भिंग लागते.

घुबडाच्या वाट्याला आलेला अन्याय याहून जुना आणि याहून क्रूर. त्याला दिवसा दिसत नाही ही समजूत सार्वत्रिक आहे, पण खरी नाही. उजेडात त्याची बाहुली आकुंचन पावते आणि त्याला उत्तम दिसते. डोळे खोबणीत पक्के बसलेले असल्यामुळे त्याला ते फिरवता येत नाहीत, म्हणून माणसाच्या सात मणक्यांऐवजी चौदा मणके असलेली मान ते सुमारे 270 अंशांपर्यंत वळवते, आणि या वळण्यालाच लोक चेटूक समजतात. या अपसमजापायी घुबडांचे बळी दिले जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिले असले तरी भीतीला कायद्याचा बंदोबस्त पुरत नाही. उंदरांचा फडशा पाडणारा हा पक्षी शेतकऱ्याचा हितकर्ता आहे, हे त्याला अशुभ मानणाऱ्या घरांत कोणी सांगितलेलेच नसते.

दिवसाढवळ्या शिकार करणाऱ्या घुबडाचा जिवंत दाखला तर आपल्या खानदेशातच आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड 1884 नंतर खात्रीलायकरीत्या कोणाला सापडले नव्हते, आणि ते नामशेष झाले असावे अशी समजूत दृढ होत चालली होती. दरम्यान रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत आपण ते मिळवल्याची नोंद केली होती, तिच्यावर विसंबून शोधकर्ते भलत्याच भागात हिंडत राहिले. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुन्यांची बारकाईने शहानिशा केली, तेव्हा उघडकीस आले की तो नमुना जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील इंग्रज अंमलदाराने पूर्वीच गोळा केलेला असून चोरून, नव्याने भरून, खोट्या चिठ्ठीसह परत ठेवण्यात आला होता. खोटा दाखला बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावर, नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर उजेडात एका निष्पर्ण झाडावर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा दिसला. गैरसमज केवळ खेडुतांच्या तोंडी असतात आणि शास्त्राच्या दप्तरात नसतात, हाही एक गैरसमजच आहे; आणि माझ्या दृष्टीने दप्तरातला अधिक घातक, कारण त्याच्यावर शिक्का असतो.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली म्हणजे त्या वर्षी पाऊस भरपूर, असा आडाखा माळरानावरचे शेतकरी बांधतात. ती आपली चारेक ठिपकेदार अंडी उघड्या खडकाळ जमिनीवर घालते, कारण भोवतीच्या खड्यांत ती बेमालूम मिसळतात. पुढच्या नक्षत्रांचा हिशेब तिच्यापाशी नाही. रात्री तिचे ओरडणे म्हणजे मरणाची वर्दी, असेही मानतात. तो तिचा पहारा असतो, माणूस, कुत्रे वा कोल्हा जवळ आल्याची सूचना. छायाचित्रकारांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आपण अंड्यांना हातही लावला नाही, तेव्हा काही अपाय झाला नाही, असे त्यांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात माणसाच्या स्पर्शाच्या वासाने पक्षी पिले टाकून देतात ही कल्पनाच निराधार आहे, आणि घरट्यातून पडलेले पिलू हलकेच परत ठेवण्यास काहीच प्रत्यवाय नाही. धोका स्पर्शाचा नसून आपल्या रेंगाळण्याचा आहे. एप्रिलच्या उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी थंड राखते. आपण कॅमेरा रोखून तिला अर्धा तास दूर ठेवले तर तेवढ्यात आतला गर्भ भाजून निघू शकतो, आणि आपण तुडवलेल्या गवताची वाट धरून मुंगूस तेथवर पोहोचते. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून नराला समोर आणण्याचा प्रकारही तितकाच अपायकारक, कारण त्याला प्रतिस्पर्धी आल्याचे वाटते आणि तो चारापाणी सोडून धावपळ करीत बसतो.

किड्यांविषयी थोडक्यात. पहिल्या पावसानंतर वरंब्यांवर दिसणारा मखमली तांबडा मृगाचा किडा प्रौढपणी आठ पायांचा असतो, म्हणजे तो कीटक नसून कोळ्यांचा आप्त आहे. फुलपाखरे केवळ मधावर जगतात हेही अपुरे: ओल्या चिखलावर किंवा शेणावर त्यांचे थवे बसतात, त्यांत बहुधा नर असतात, आणि ते तेथून क्षार शोषून घेतात. 2015 साली राज्याचे फुलपाखरू म्हणून मान मिळालेला नीलवंतही असा चिखलावर सापडतो, आणि तेथे तो इतका तल्लीन असतो की साध्या मोबाइलवरही त्याची छबी टिपता येते. महागड्या भिंगावाचून हा छंद जमत नाही, या समजाला एवढे उत्तर पुरे.

चतुर डंख मारतो म्हणून मुलांना भिववतात. त्याला नांगीच नसते. पावसाळा सरताना माळावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर मात्र फार मोठ्या प्रवासाचे प्रवासी असतात. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडले की ऑक्टोबरच्या सुमारास मालदीव बेटांवर उतरणारे त्यांचे थवे भारतातून समुद्र ओलांडून येतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात. अँडरसन यांनी हा सिद्धान्त उभारला तो कोणत्या बेटावर, कोणत्या दिवशी चतुर दिसले याच्या वर्षानुवर्षांच्या टिपणांतून. म्हणून सप्टेंबरात कोकणच्या सड्यावर किंवा घाटमाथ्यावर कोणी चतुरांचा थवा टिपला, तर चित्र अस्पष्ट आले तरी चालेल, त्याखाली गावाचे नाव, तारीख आणि वाऱ्याची दिशा बिनचूक लिहावी.