धावायचं घड्याळ घेताना...

‘अगं, वेळच बघायचीय ना? मग भिंतीवरच्या घड्याळाने काय वाईट केलंय?’ सासूबाईंचा प्रश्न ऐकून मला हसू आलं खरं, पण उत्तर काही पटकन देता आलं नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी घरातल्या सुनेने पळायला लागावं, हेच मुळी आमच्याकडे नवलाचं. त्यात पळण्यासाठी वेगळं घड्याळ म्हणजे अतीच झालं!

मी साताऱ्याची. घर, बचत गटांची कामं, गावोगावच्या बैठका यातून स्वतःकडे बघायला सवड नव्हती. शुगर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता आम्ही पाच जणी कधी धावायला लागलो ते कळलंही नाही. तसं आमच्या गावाला धावण्याचं वारं आहेच. २०१२ पासून इथे यवतेश्वरचा घाट चढून जाणारी २१ किलोमीटरची हिल हाफ मॅरेथॉन होते. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, तेव्हा तर काय कौतुक झालं होतं! आम्ही काही ललिता नव्हे. पण पहाटे साडेपाचला निघायचं, एरवी घाटाचा रस्ता आणि रविवारी अजिंक्यताऱ्याच्या पायवाटा, हा नेम मात्र चुकवत नाही.

मग वाटायला लागलं, आपण नक्की किती धावतो हे कळायला हवं. भिशी लागली होती, त्यातून तीनेक हजारांचं घड्याळ घेतलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘जीपीएस’ लिहिलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी फोन घरी ठेवून ऐटीत निघाले. परत येऊन बघते तर नकाशाची जागा कोरी आणि अंतराचा आकडा काहीतरीच! दुकानदार शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, याला फोन जवळ ठेवावा लागतो.’ म्हणजे घड्याळात जीपीएस नव्हताच. ते फोनचा उसना घेत होतं. फोन नसला की हाताच्या हालचालीवरून पावलं मोजून अंतराचा अंदाज बांधायचं. मैत्रिणींनो, पैसे मोजण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा, ‘जीपीएस घड्याळाचा स्वतःचा आहे की फोनचा?’ बारीक अक्षरांत ‘कनेक्टेड जीपीएस’ लिहिलं असेल तर तो फोनचा समजा. आणि फोन नेहमीच जवळ ठेवणार असाल, तर नुसत्या फोनवरही अंतर मोजता येतं. घाई करू नका.

या फसगतीनंतर मात्र मी नीट माहिती काढली. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ आपली जागा ठरवतं. ही सोय मूळची अमेरिकन लष्कराची. सामान्य लोकांसाठी तिची अचूकता मुद्दाम कमी ठेवलेली असायची, ते बंधन मे २००० मध्ये उठलं. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. घड्याळ उपग्रहांचं फक्त ऐकतं. त्यांना उलट काही कळवत नाही. त्यामुळे नुसत्या जीपीएसने आपण कुठे आहोत हे आपल्याला कळतं, घरच्यांना नाही!

दुसऱ्या खेपेला मी आधी आमचा रस्ता डोळ्यांपुढे आणला. घाटात एका बाजूला कडा, वर झाडी. तिथे उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून येतो आणि नकाशावर आपण चक्क दरीतून धावलेल्या दिसतो. अशा ठिकाणी दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारं घड्याळ अधिक बरोबर चालतं. पण मोकळ्या रस्त्यावर किंवा मैदानावर धावणारीला त्यासाठी जास्त पैसे घालायची गरज नाही. घड्याळ कुठलंही असो, सुरुवातीला मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर उभं राहायचं, उपग्रह सापडल्याची खूण दिसली की मगच निघायचं. आमच्यातल्या एकीला एवढा धीर नसतो आणि तिचं अंतर रोज आमच्यापेक्षा कमी भरतं!

मग आमचा पाऊस. ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून मी बटणांचं घड्याळ घेतलं. बॅटरीचंही तसंच. खोक्यावर ‘१४ दिवस’ लिहिलेलं असतं, ते नुसतं घड्याळ म्हणून वापरलं तर. जीपीएस चालू ठेवला की हिशेब तासांत येतो, तेव्हा तो आकडा विचारा. एकवीस किलोमीटरला मला तीन तासांच्या वर लागतात. वीस तास चालणारं घड्याळ मला भरपूर झालं, चाळीस तासांचं घेऊन काय करू? चढाची हौस असेल तर हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर असलेलं बघा. नुसत्या जीपीएसने काढलेली उंची तितकी भरवशाची नसते.

आणि आपल्या बांगड्या! घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून नाडी मोजतो. बांगड्यांमुळे घड्याळ सरकलं, पट्टा सैल राहिला, की आकडे चुकतात. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधायचं. छातीला बांधायचा पट्टा जास्त अचूक असतो, पण मला तो नको वाटला. शेवटी तो आकडा अंदाजापुरताच. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर घड्याळ काय म्हणतंय ते बघत बसायचं नाही, थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

पायवाटेवर धावणारीसाठी आणखी एक सोय फार मोलाची, आलेल्या वाटेची रेघ दाखवून परत नेणारी. गेल्या पावसाळ्यात कासच्या बाजूला धुकं असं उतरलं की दहा पावलांवरचं दिसेना. वाटेला फाटे फुटलेले. तेव्हा घड्याळावरच्या त्या रेघेच्या आधाराने आम्ही तिघी डांबरी रस्त्याला लागलो. पण याचाही अति भरवसा नको. संकटात घरी निरोप पाठवण्याची सोय बऱ्याच घड्याळांत असते खरी, पण बहुतेकांत ती जवळच्या फोनवरूनच चालते आणि फोनला रेंज नसेल तर तीही गप्प. म्हणून पायवाटेला एकटीने जायचं नाही, फोन कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायचा आणि कुठे जातोय, कधी परतणार हे घरी सांगून निघायचं, असं आम्ही ठरवून टाकलंय.

आता जे सांगायचंय ते कुठल्याच दुकानात मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यातली एक जण शाळेत शिकवते. तिने हौसेने घड्याळ फोनमधल्या एका ॲपला जोडलं. रोजचं धावणं आपोआप तिथे जायला लागलं. एक दिवस एका अनोळखी पुरुषाचा तिथे शेरा आला, ‘आज उशीर झाला का?’ बिचारीच्या अंगावर काटा आला. नीट बघितलं तर तिच्या घराच्या दारापासून निघणारी रेघ, रोजची वेळ, परतीचा रस्ता, सगळं कुणालाही दिसेल असं उघडं होतं. घरी कळल्यावर एकच निर्णय झाला, धावणं बंद.

मला फार वाईट वाटलं. आगाऊपणा त्या माणसाने करायचा आणि घरात बसायचं हिने! बचत गटाच्या कामात हे मी किती वेळा बघितलंय. काही बिनसलं की पहिली बंद होते ती बाईची वाट. मी तिच्या घरी गेले. तिच्या सासूबाईंना आणि मिस्टरांना शेजारी बसवून आम्ही ॲपची सेटिंग्ज उघडली. धावण्याची नोंद ‘फक्त मला’ दिसेल अशी केली, जुन्या नोंदीही झाकल्या, घराच्या आसपासचा भाग नकाशातून लपवला, त्या माणसाला ब्लॉक केलं. वेळ आणि रस्ता अधूनमधून बदलायचं ठरलं. यात भलेभले फसलेत, हेही त्यांना सांगितलं. एका प्रसिद्ध ॲपने प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघांवरून लष्करी तळ दिसत होते, ते जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलं होतं. तिथे आपली काय कथा? आठवड्याभराने ती पुन्हा आमच्याबरोबर आली. पहिले दोन दिवस तिचे मिस्टर स्कूटरवरून मागे मागे, तिसऱ्या दिवशी तेही कंटाळले.

तेव्हा मैत्रिणींनो, गार्मिन घ्या, कोरॉस घ्या, पोलर घ्या नाहीतर आणखी कुठलं. महागाचं म्हणजे आपल्याला योग्य असं नव्हे. आपला रस्ता, आपला पाऊस, आपलं मनगट आणि आपली पुंजी बघून घ्या. आणि पहिल्यांदा पट्टा बांधण्याआधी, आपली वाट कुणाकुणाला दिसणार आहे ते स्वतः ठरवा. मुलाला किंवा भाच्याला ‘लावून दे रे’ म्हणून मोकळ्या होऊ नका. शेजारी बसून शिकून घ्या.

आमच्या सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांना ते घड्याळ अजूनही महागच वाटतं. पण सकाळी मी दारात बूट काढत असताना चहाचं आधण ठेवता ठेवता विचारतात, ‘किती झाले गं आज?’