निर्भेळ मुक्ततेचा आग्रह

विरारच्या एखाद्या विद्यार्थ्याने जुन्या लॅपटॉपवर ट्रिस्केल ही पूर्णतः मुक्त लिनक्स प्रणाली चढवली, की पुष्कळदा पडदा उजळतो, मराठी अक्षरेही उमटतात, परंतु वायफायचा मात्र मागमूस लागत नाही. कारण वायफायची चिप चालविणारे फर्मवेअर कंपनीने बंद स्वरूपातच दिलेले असते, आणि ज्याची मूळ संहिता वाचता वा बदलता येत नाही असा एकही जिन्नस आत घ्यायचा नाही, हा या प्रणालीचा दंडक असतो.

मग असल्या सोवळेपणाचा उपयोग काय? मुक्ततेचा लाभ आणि तिची मर्यादा एकाच उदाहरणात दिसते. रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाड्याच्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती आलेले ‘एक्सओ’ लॅपटॉप लिनक्सवरच चालत, आणि त्यांतील पाठांचे प्रोग्रॅम उघडून पाहण्याची मुभा होती. तथापि त्यांच्या मार्व्हेल वायफाय चिपचे फर्मवेअर बंदच राहिले.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने २०२२ साली मतदान घेऊन असे फर्मवेअर स्थापना-संचात घेण्यास मंजुरी दिली. लोकांची अडचण पाहता ते मला गैर वाटत नाही. मात्र कुणी तरी हट्टाने नकार देत राहिल्यावाचून कोणता जिन्नस बंद आहे याची दखलच उरणार नाही, आणि एवढ्यासाठी तरी या अल्पसंख्य प्रणाली (त्यांचे अनुयायी कधीकधी फार कर्मठ वाटले तरी) टिकाव्यात, असे माझे मत आहे.

अशा प्रणालीवर वायफाय हवेच असेल, तर मार्ग आहे: अ‍ॅथेरॉसच्या एआर ९२७१ चिपचे फर्मवेअर २०१३ साली खुले झाले आहे; तेव्हा वायफायचा यूएसबी जोड विकत घेताना वाचकांनी आधी आतील चिपचे नाव विचारून घ्यावे.