बसायला जागा कुठे आहे?

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा म्हणजे मैदानाला वळसा घालणारी एक बुटकी भिंत. ना कारंजं, ना रोषणाई, तरी संध्याकाळी तिथे टेकायला जागा शोधावी लागते. निवृत्त मंडळी, कॉलेजची मुलं, नेट संपवून किटबॅग बाजूला टाकलेली पोरं, सगळे एकाच भिंतीवर. उलट लाखो रुपये खर्चून केलेली कितीतरी उद्यानं उद्घाटनाच्या फितीनंतर ओस पडतात. असं का होतं?

या प्रश्नाचा छडा शहरी जीवनाचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमध्ये लावला. तिथे 1961च्या नियमानुसार बिल्डरने इमारतीपुढे चौक मोकळा सोडला, तर एका चौरस फुटामागे दहा चौरस फूट जादा बांधकाम मिळे. (चटईक्षेत्राचं हे गणित आपल्याला नवं नाही.) चौक भरपूर झाले, माणसं मात्र फिरकेनात. व्हाइट यांनी कॅमेरे लावून लोकांचं वागणं टिपलं. निष्कर्ष जवळजवळ हास्यास्पद वाटावा इतका साधा निघाला: जिथे बसायला जागा असते, तिथे लोक बसतात. जागेचा आकार, रचनेचा डौल हे सगळं त्यानंतर. पुढे नियम बदलले आणि चौकात बैठक सक्तीची झाली.

त्याच शहरातलं ब्रायंट पार्क रस्त्यापेक्षा उंचावर होतं, शिवाय कुंपण आणि झुडपांच्या आड. सत्तरच्या दशकात तिथे गर्दुल्ल्यांचा अड्डा झाला. व्हाइट यांचा सल्ला होता की बाग बंदिस्त करू नका, रस्त्यावरून आतलं दिसू द्या. झुडपं काढली, वाटा वाढवल्या, खाण्याचे स्टॉल आले, स्वच्छतागृह सुधारलं आणि हव्या तिथे ओढून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या मांडल्या. 1992 साली बाग पुन्हा उघडली आणि भरली. ती भरलेली राहिली, कारण रोजच्या झाडलोटीला आणि देखरेखीला स्वतंत्र संस्था व पैसा होता.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. भिंतीवर कोणी टेकू नये म्हणून टोकदार सळ्या बसवतात, बागेला भर दुपारी कुलूप घालतात आणि वर ‘लोक येतच नाहीत’ म्हणतात. ‘रिकामटेकडे जमतील’ ही भीती तर आराखड्यापासूनच असते. माझ्या मते रिकामटेकडे जमणं हेच यशाचं पहिलं लक्षण.

तुमच्या वॉर्डातल्या उद्यानासाठी हरकती-सूचना मागवल्या, तर कारंज्याचं चित्र बाजूला ठेवा. बसायची सोय किती, सावली कुठे, स्वच्छतागृह उघडं कोण ठेवणार आणि पुढच्या वर्षीच्या देखभालीचा पैसा कुठून येणार, एवढं लेखी विचारा.