महामार्गावरचा न दिसणारा पथकर

राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला पथकर माफ आहे. नाक्यावर ट्रक आणि मोटारी रांगेत उभ्या असतात, तेव्हा कडेच्या अरुंद वाटेने मोटारसायकल निघून जाते. ही सवलत योग्यच आहे. परंतु याच रस्त्यावर दुचाकीस्वार दुसऱ्या एका रूपाने जी किंमत मोजतो, तिची पावती कोणी फाडत नाही आणि तिची नोंद कोणाच्या अंदाजपत्रकातही होत नाही. ती किंमत कोण मोजतो आणि तिच्या बदल्यात मिळणारा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याने आता स्वतःला विचारला पाहिजे.

या जिल्ह्यातून तीन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा बीडकडे जाणारा क्रमांक ५२ चा, म्हणजे पूर्वीचा २११. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा ६५ चा, म्हणजे पूर्वीचा ९. आणि तुळजापूरहून औसा, लातूर, नांदेड करीत नागपूरच्या दिशेने जाणारा ३६१ चा. या रस्त्यांमुळे जिल्ह्याचे भले झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. सोयाबीन बाजारपेठेत लवकर पोचते, रुग्णाला सोलापूर वा लातूर गाठणे सुकर झाले आणि आई भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची सोय झाली. पण रस्ता रुंद झाला म्हणजे तो सर्वांसाठी सारखाच सुरक्षित झाला, असे मात्र होत नाही.

दुचाकी : चैन नव्हे, गरज

शहरातील सुखवस्तू वाचकाला मोटारसायकल म्हटले की वेगाची हौस असलेला तरुण आठवतो. तसे तरुण आपल्याकडेही आहेत. परंतु सकाळी साडेनऊच्या सुमारास धाराशिवच्या बाहेरील रस्त्यावर उभे राहून पाहावे. मागे दुधाचे कॅन बांधलेला शेतकरी, पत्नीला दवाखान्यात नेणारा मजूर, दोन मुलांना शाळेत सोडून पुढे कामावर जाणारा शिक्षक, एकाच गाडीवर तिघे बसून महाविद्यालयात निघालेले विद्यार्थी, असे दृश्य दिसते. ज्या गावी एस.टी. दिवसातून दोनदा येते, तेथे मोटारसायकल हीच कुटुंबाची बस असते, मालगाडी असते आणि प्रसंगी रुग्णवाहिकाही असते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एस.टी. संपात ज्याच्या दारात दुचाकी होती त्याचीच कामे झाली, हा अनुभव खेडोपाडी अजून ताजा आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे भाडे आहे. परंतु जी गाडी गावात येतच नाही, तिच्या भाड्यातील सवलत कोणाच्या उपयोगी पडणार?

तेव्हा ‘महामार्गावर दुचाकी आणूच नका’ हा उपदेश येथे निरर्थक आहे. समृद्धी महामार्गावर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, कारण ते रस्ते वस्त्यांपासून अलग ठेवून बांधले गेले. आपले महामार्ग मात्र जुन्याच रस्त्यांवर रुंद झाले. गाव एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था कित्येक ठिकाणी आहे. तेथील माणसाला रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

वेग एकाचा, धोका दुसऱ्याचा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन-अडीच टक्क्यांच्या आतबाहेर आहे. मृत्यूंत मात्र त्यांचा वाटा ३६ टक्क्यांहून अधिक होता. मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा कमावत्या वयाचा, म्हणजे घर चालवणाऱ्या हातांचा नाश आहे.

वेगाचे गणित शाळेतील पदार्थविज्ञानाइतके सोपे आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. समोरचा अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ३३ मीटर अंतर तोवर संपलेले असते. चारचाकीतल्या माणसाभोवती पोलादी सांगाडा असतो, पट्टा असतो. दुचाकीस्वाराभोवती काय असते? हवा आणि सदरा.

अर्थशास्त्रात बाह्य परिणाम नावाची एक संकल्पना आहे. कारखान्याचा नफा मालकाला मिळतो आणि धुराचा खोकला शेजाऱ्यांना होतो, तेव्हा त्या खोकल्याची किंमत मालाच्या किमतीत धरली जात नाही. महामार्गाचे नेमके हेच झाले आहे. हैदराबादचा माल पुण्याला काही तास लवकर पोचतो, हा लाभ. तो मालधन्याला, वाहतूकदाराला आणि अंतिमतः दूरच्या ग्राहकाला मिळतो. त्या वेगाचा धोका मात्र येणेगूर, जळकोट, तामलवाडी, येडशी अशा रस्त्यालगतच्या गावांतील माणसाच्या वाट्याला येतो. लाभधारक एक आणि किंमत मोजणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे.

अशा वेळी अपघाताची बातमी ‘विरुद्ध दिशेने येणाऱ्या दुचाकीस्वाराचा मृत्यू’ अशा शब्दांत छापून येते आणि दोष कोणाचा हे ठरून जाते. विरुद्ध दिशेने वाहन चालवणे हा गुन्हाच आहे, त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण हा गुन्हा इतकी सामान्य माणसे रोज का करतात? समजा, योग्य बाजूने जाऊन दुभाजकाच्या छेदातून वळून येण्यासाठी चार किलोमीटर पडतात आणि उलट्या दिशेने गेल्यास अर्ध्या किलोमीटरवर शेत आहे. दिवसाकाठी अशा चार फेऱ्या झाल्या तर चौदा किलोमीटर, म्हणजे साधारण तीस रुपयांचे पेट्रोल वाचते. ज्याच्या हाती रोजचे तीन-चारशे रुपये पडतात, त्याला हे तीस रुपये डोळ्यांसमोर दिसतात. मृत्यूची शक्यता दिसत नाही. सेवारस्ता किंवा भुयारी मार्ग न बांधता जी रक्कम वाचवली जाते, ती अशा रीतीने गावकऱ्याकडून वसूल होत राहते.

शिरस्त्राणाचे अर्थशास्त्र

याचा अर्थ दुचाकीस्वाराची स्वतःची काही जबाबदारी नाही असा नव्हे. इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या उपचारासाठी आलेल्या ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने पुढे अशा मृत्यूंचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता मांडली. आज निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. आपल्या देशात २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार व सहप्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांतील चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते.

आपल्या राज्यात हेल्मेटसक्तीचा इतिहास मात्र सक्तीपेक्षा माघारीचाच अधिक आहे. २०१६ च्या जुलैत ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा तत्कालीन परिवहनमंत्र्यांनी केली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. २०१९ च्या आरंभी पुण्यात कारवाई सुरू होताच तिच्याविरुद्ध कृती समिती उभी राहिली, मोर्चा निघाला. शहराच्या गर्दीत ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्याचा आक्षेप एक वेळ समजून घेता येईल. महामार्गावर तो क्षणभरही टिकत नाही. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, हेल्मेटमध्ये डोके शिजून निघते, ही तक्रार खोटी नाही. पण उन्हापासून डोके वाचवण्यासाठी आपण उपरणे गुंडाळतो, आणि ज्या डांबरावर ते डोके आपटणार त्याचा विचार करीत नाही, ही मोठी विसंगती आहे.

मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. केंद्रीय नियमांप्रमाणे नवी दुचाकी घेताना प्रमाणित हेल्मेट ग्राहकाला मिळालेच पाहिजे. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्हाविना हेल्मेट बनवणे वा विकणे बेकायदा आहे. तरीही रस्त्याकडेला टोपीसारखी हलकी शिरस्त्राणे टांगलेली दिसतात आणि दंड चुकवण्यापुरती ती विकली जातात. लाखाच्या घरातली गाडी कर्जाने घेणारे कुटुंब हजार-दीड हजाराच्या हेल्मेटला खर्च समजते. तो खर्च नव्हे, कर्त्या माणसाचा विमा आहे.

विम्याचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थी एका गळीत हंगामात, रात्रीच्या वेळी, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला. काही दिवसांनी त्याचे वडील त्याची कागदपत्रे नेण्यासाठी महाविद्यालयात आले. विम्याचे काही मिळेल का, असे त्यांनी दबल्या आवाजात विचारले. गाडी त्यांच्याच नावावर होती. पंधरा लाखांचे जे अपघात-संरक्षण पॉलिसीत असते ते परवानाधारक मालक-चालकाचे असते. मालकाच्या मुलाला ते लागू होत नाही. हे त्यांना समजावून सांगताना, वर्षानुवर्षे विम्याची तत्त्वे शिकवणाऱ्या या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना एवढी साधी गोष्ट कधी सांगितली नव्हती, याची शरम वाटली. मुलगा गेला होता, गाडीचे हप्ते राहिले होते.

काय करता येईल?

यावरचे उपाय अवघड नाहीत, खर्चिकही फारसे नाहीत. ज्या ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू होतात, त्याला सरकारी व्याख्येने अपघातप्रवण स्थळ म्हणतात. आपल्या जिल्ह्यातील अशा स्थळांची यादी, प्रत्येकापुढे कोणती दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होणार या तपशिलासह, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ग्रामसभांनीही आपल्या शिवारातील धोक्याची ठिकाणे ठराव करून कळवावीत. दहावा मृत्यू होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

दुसरे, गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या लागल्याखेरीज साखर कारखान्यांनी ती वजनकाट्यावर घेऊ नये. हा नियम वजनकाट्यावरच अमलात आणता येईल, त्यासाठी निराळ्या पोलीस पथकाची आवश्यकता नाही. तिसरे, महाविद्यालये भरण्याच्या व सुटण्याच्या वेळांशी एस.टी.च्या फेऱ्या जुळवाव्यात. एक भरलेली बस वीस दुचाकी रस्त्यावरून कमी करते. चौथे, महाविद्यालयांनी आवारातच वाहनपरवाना व विमा नूतनीकरणाची शिबिरे घ्यावीत.

पाचवी गोष्ट आपणा सर्वांच्या हातची आहे. अपघातग्रस्ताला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यातच स्थान मिळाले. २०२५ च्या योजनेनुसार जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतो. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही तरी मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. १०८ आणि १०३३ हे दोन क्रमांक प्रत्येकाला तोंडपाठ असले पाहिजेत. हे हक्क कागदावर आहेत. माहितीअभावी ते तेथेच पडून राहतात.

आश्विनात सोलापूरकडून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांसाठी दरवर्षी वाहतूक वळवली जाते, रस्ता माणसांच्या स्वाधीन केला जातो. म्हणजे मनात आणले तर महामार्गाच्या वेगाला आपण लगाम घालू शकतो. जी काळजी वर्षातून काही दिवस यात्रेकरूंची घेतली जाते, ती दूध घालायला निघालेल्या शेतकऱ्याची आणि वर्गाकडे निघालेल्या मुलाची वर्षभर का घेतली जाऊ नये? महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जाणारच आहे. त्याचा न दिसणारा पथकर आपल्या मुलांच्या प्राणांनी भरायचा की नाही, हे मात्र आपल्याला ठरवता येईल.