खाली बघणारी लेन्स

२०१२ साली रत्नागिरीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावरून एन्लार्जर खाली उतरवला, तेव्हा भंगारवाला वजनकाटा घेऊन दारातच उभा होता. स्टुडिओवाल्या काकांनी बुडाची लेन्स हातानं फिरवून सोडवली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. "एवढी ने. बाकीचं डबडं आहे." ५० मिलिमीटर, एफ २.८ची एल-निक्कोर. लाल दिव्याखाली, हायपोच्या वासात अर्ध्या गावाची लग्नं हिच्यातूनच ब्रोमाइड पेपरवर उतरली होती.

एन्लार्जरची लेन्स जन्मभर खालीच बघते. वर निगेटिव्ह, खाली कागद. दोन्ही सपाट आणि जवळच. म्हणून मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखं रेखीव उमटावं, अशीच तिची घडण. फोकसचं कडं तिला नसतंच, ते काम एन्लार्जरचा भाता करतो.

माझ्याकडे तेव्हा निकॉनचा डीएसएलआर होता. त्यात माउंटपासून सेन्सरपर्यंतच ४६.५ मिलिमीटर जातात. त्यापुढे ही लेन्स लावली की हातभरापलीकडचं सगळं धूसर. तीन वर्षं मी नुसता आंब्याचा मोहर, मुंगळे आणि फणसाचे काटे टिपले. घरच्यांना वाटलं, मी शेतीखात्यात लागलो.

२०१५मध्ये सोनीचा जुना मिररलेस कॅमेरा हाती आला. त्यात तेच अंतर १८ मिलिमीटर. उरलेल्या जागेत १७ ते ३१ मिलिमीटर लांब-आखूड होणारं हेलिकॉइड आणि लेन्सच्या ३९ मिलिमीटरच्या आट्यांचं ४२ करणारं एक कडं. मेनूत शोधून 'रिलीज विदाउट लेन्स' चालू केलं, आणि मांडवीच्या जेटीवरून या लेन्सला पहिल्यांदा क्षितिज दिसलं.

क्षितिजाचं कौतुक फार टिकलं नाही. भाट्याच्या पुळणीवर मावळतीकडे धरली की चित्र दुधाळ. कोकणात लेन्स म्हटली की आधी बुरशीचा संशय. महिनाभर मी टॉर्च लावून तीच शोधत होतो. चोर भलतीकडेच निघाला. डार्करूममध्ये ॲपर्चरचे आकडे उजळून दिसावेत म्हणून या लेन्सला एक छोटी खिडकी ठेवलेली असते. अंधारात ती सोय, उन्हात ते भोक. इन्सुलेशन टेपचा काळा तुकडा लावला, पुढे रबरी हूड चढवलं, तेव्हा कुठे रंग भरले.

तरी या लेन्सला 'जादू' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मिरकरवाड्यातल्या मासळीच्या लिलावात ती कामाची नाही. हातानं फोकस जुळवेपर्यंत सुरमई विकली गेलेली असते.

तिची खरी जागा मला पाऊस ओसरताना सापडली, सड्यावर. भाद्रपदात कातळावरच्या पाणथळीत सीतेची आसवं फुलतात. फूल करंगळीच्या नखाएवढं, निळंजांभळं. शेजारी गेंदाचे पांढरे गोंडे. ओल्या कातळावर पोटावर पडायचं, एफ ५.६ लावायचं आणि हेलिकॉइड न फिरवता आपणच श्वास धरून केसभर पुढंमागं व्हायचं. पाकळीवरची शीर न् शीर उतरते. त्यानंतरचा एकही भाद्रपद मी कोरडा शर्ट घेऊन घरी आलो नाही.

२०२०च्या टाळेबंदीत काकांनी निगेटिव्हचे डबे पाठवले. टॅबचा पांढरा स्क्रीन, वर दुधी ॲक्रिलिक, त्यावर निगेटिव्ह आणि वरून खाली बघणारी तीच लेन्स. काका फोनवरून एकेका वऱ्हाड्याचं नाव सांगत गेले. आठ वर्षांत तिनं इतकं निमूट काम कधी केलं नव्हतं.

तुमच्याही माळ्यावर एन्लार्जर असेल तर भंगारात देण्याआधी बुडाची लेन्स सोडवून घ्या. टॉर्च लावून आत बघा, आणि मृगाआधी सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.