धातूतील बदल टिपणाऱ्या चार तारा

दिल्लीत पुसा परिसरात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. देशाच्या तापमानमापनाचे प्रमाण जपणे हे तिच्या कामांपैकी एक असून, भट्टीतील तापमानांपुरते ते प्रमाण शुद्ध धातूंच्या गोठण्यावर उभे आहे. वितळलेले जस्त सावकाश थंड होऊ दिले, तर त्याचे तापमान आधी गोठणबिंदूच्या किंचित खाली घसरते, स्फटिक बनू लागताच बाहेर पडणाऱ्या अप्रकट उष्म्यामुळे पुन्हा वर येते आणि मग गोठण्याची क्रिया चालू असेपर्यंत ४१९.५२७ अंश सेल्सिअसवर टिकून राहते. हे कळण्यासाठी जस्ताकडे पाहावेही लागत नाही, कारण मुशीत उतरवलेल्या तापमापकातील प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत रोध तेवढा वेळ जवळजवळ स्थिर राहतो.

द्रवाचा घन होणे हे प्रावस्था-संक्रमणाचे सर्वांत ओळखीचे उदाहरण होय. प्रावस्था म्हणजे पदार्थाचे असे रूप, ज्यात अणूंची मांडणी किंवा त्यांच्यातील चुंबकीय शिस्त एका ठरावीक प्रकारची असते. लोह ९१२ अंशांवर घनच राहते, पण त्यातील अणूंची रचना बदलते. निकेल सुमारे ३५८ अंशांवर आपले लोहचुंबकत्व गमावते. धातूतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अणूंची कंपने आणि मांडणीतील अव्यवस्था अडथळा करतात, म्हणून असा प्रत्येक बदल रोधाच्या आलेखात या ना त्या रूपाने उमटतो: वितळताना बहुतेक धातूंचा रोध एकदम उडी घेतो, तर निकेलमध्ये उडी न दिसता रेषेचा चढ मंदावतो.

प्रत्यक्ष मोजणीत खरी अडचण स्पर्शबिंदूंची असते. तांब्याच्या १० सेंटिमीटर लांब आणि १ मिलिमीटर जाड तारेचा रोध जेमतेम २ मिलिओहम भरतो, आणि तिला जोडलेल्या टोकांचा, म्हणजे स्पर्शाच्या जागेचा, रोध त्याहून सहज जास्त असू शकतो; शिवाय तापवताना तिथे ऑक्साइडचा थर चढला, तर धातूत काहीच न घडताही आकडा बदलतो. यावर उपाय म्हणून चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडला जातो आणि आतल्या दोन तारांमधले विभवांतर मोजले जाते. आतल्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्याने त्यांच्या स्पर्शरोधाचा परिणाम आकड्यात शिरत नाही. तापमानातील फरकामुळे सांध्यांवर निर्माण होणारे सूक्ष्म विभवांतर वगळण्यासाठी प्रवाहाची दिशा उलटून दोन्ही वाचनांवरून रोध काढतात.

मात्र रोधाचे वाचन बदल केव्हा झाला एवढेच सांगते. नवी रचना कोणती, हे सहसा क्ष-किरणांकडूनच कळते. या दोहोंमधील नाते उलगडण्यात, पुढे याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झालेल्या के. एस. कृष्णन यांचा वाटा फार मोठा आहे आणि रामन परिणामाच्या शोधातील त्यांच्या सहभागापुढे तो झाकला जावा, हे योग्य नाही. अलाहाबादला असताना त्यांनी आणि ए. बी. भाटिया यांनी १९४५ मध्ये दाखवले की, द्रव धातूतील अणू क्ष-किरणांना ज्या प्रकारे विखुरतात, त्यावरून त्या धातूच्या विद्युत रोधाचा हिशेब मांडता येतो, कारण इलेक्ट्रॉनांची लहरही त्याच अणूंवरून विखुरली जाते. १९६१ मध्ये जॉन झायमन यांनी हाच विचार विस्ताराने पुढे नेला. तांब्याचा रोध वितळताना सुमारे दुप्पट होतो, तर बिस्मथचा निम्म्याच्या आसपास उतरतो, कारण घन बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच फार थोडे असतात.

हेच बिस्मथ उच्च दाबाच्या प्रयोगांत खुणेचा दगड ठरले आहे. सुमारे २५,००० वातावरणांच्या दाबाखाली, जिथे नमुना डोळ्यांना दिसत नाही आणि बाहेर येतात त्या फक्त तारा, तिथे त्याचा रोध अचानक कोसळतो आणि त्यावरून दाबयंत्राची मोजपट्टी ठरवता येते. अशा प्रयोगांचा पाया हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी घातला. याच क्षेत्रात मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील एस. के. सिक्का, वाय. के. वोहरा आणि आर. चिदंबरम यांनी १९८२ मध्ये धातूंतील ओमेगा नावाच्या प्रावस्थेचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. अणुभट्टीत इंधनावरील आवरणासाठी ज्याचे मिश्रधातू वापरतात, त्या झिर्कोनियममध्ये दाबाखाली ही प्रावस्था तयार होते. आणि खोलीच्या तापमानाला दाब काढून घेतल्यावरही ती टिकून राहत असल्याने, नमुना दाबयंत्रातून बाहेर काढून तिची रचना क्ष-किरणांनी तपासता येते.